जॉर्ज, जे. सी.
पक्ष्यांच्या उड्डाणस्नायूंवर मूलगामी काम करणारे भारतीय प्राणिशास्त्रज्ञ. सुरतेच्या उत्तरेस, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी हे संशोधन उभे केले.

कबुतराच्या छातीच्या स्नायूचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की दोन तऱ्हांचे तंतू दिसतात. बारीक, लाल तंतूंत मेद आणि तंतुकणिका भरपूर. जाड, पांढऱ्या तंतूंत ग्लायकोजेनचा साठा. लांब पल्ल्याच्या उड्डाणाचे मुख्य इंधन मेद असते, हे जॉर्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्यानिशी मांडले. भारतात हिवाळा काढून परतीच्या प्रवासाला निघण्याआधी भोरड्या अंगात चरबी साठवतात. तिचाही त्यांनी बारकाईने मागोवा घेतला.

अँड्र्यू बर्जर यांच्यासह लिहिलेला त्यांचा ‘एव्हियन मायॉलॉजी’ हा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात गेले.