हुगळीवरचे टपाल

परमुलुखात राहणाऱ्या माणसाचे अर्धे चित्त नेहमी घरच्या पत्राकडे लागलेले असते. पत्र कधी येईल ही चिंता असतेच. पण ते येईल की नाही, ही चिंता त्याहून मोठी. अठराव्या शतकात कलकत्त्यास, म्हणजे आजच्या कोलकात्यास, चाकरीसाठी आलेल्या इंग्रजांना या दुसऱ्या चिंतेने ग्रासले होते. इंग्लंडहून निघालेले शिडाचे जहाज आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून पाचसहा महिन्यांनी बंगालच्या उपसागरात शिरे. पत्राचे उत्तर हाती पडायला वर्ष उलटून जाई. मुलीच्या आजाराची बातमी घेऊन पत्र यावे, बापाने औषधपाण्याविषयी सविस्तर लिहावे आणि ती त्यापूर्वीच बरी झालेली किंवा कायमची अंतरलेली असावी, असा हा व्यवहार होता.

जहाज बुडाले किंवा शत्रूच्या हाती लागले तर पत्रही गेले. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोनतीन प्रती करून त्या निरनिराळ्या जहाजांनी पाठविण्याची रीत पडली. विश्वास एका जहाजावर ठेवायचा नाही, हा त्या काळचा शहाणपणा होता.

जहाज उपसागरात आले तरी टपाल गावात आले असे होत नसे. हुगळीचे पात्र गाळाचे आणि फसवे. म्हणून नदीच्या मुखाजवळ खेजुरी येथे टपालकचेरी होती. तेथे पिशव्या हलक्या होड्यांत उतरवून घेत आणि जहाजाच्या आधी कलकत्त्यास पोहोचवीत. पुष्कळ जहाजे प्रथम मद्रासला लागत. तेथली पत्रे हरकारे खुष्कीने आणीत. हरकारे म्हणजे आपल्याकडचे जासूद. ही वाट कटकवरून, नागपूरकर भोसल्यांच्या मुलुखातून जात होती. 1803 च्या देवगावच्या तहाने कटक इंग्रजांकडे गेले, तोपर्यंत कलकत्त्याच्या साहेबाचे घरचे पत्र मराठी अंमलाखालच्या भूमीवरून चालत येत असे.

वॉरन हेस्टिंग्जने 1774 साली ही व्यवस्था सर्वांसाठी खुली केली. तोवर ती मुख्यतः सरकारी कागदांसाठी होती. दर 100 मैलांस 2 आणे असा आकार ठरला आणि त्यासाठी तांब्याचे बिल्ले पाडण्यात आले. सामानसुमानासाठी ‘बंगी’ डाक असे. बंगी म्हणजे आपली कावड. खांद्यावरच्या बांबूच्या दोन टोकांना पेट्या टांगून माणसे टप्प्याटप्प्याने चालत. पावसाळ्यात नद्या भरत, जंगलात वाघाची भीती असे; तरी टप्पा चुकवायचा नाही, हा नियम होता. त्या माणसांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत.

पुढे वाफेचे युग आले. 70 दिवसांत कलकत्ता गाठणाऱ्या आगबोटीस बक्षीस जाहीर झाले होते. ‘एंटरप्राइझ’ ही आगबोट 1825 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडहून निघाली आणि डिसेंबरात येऊन पोहोचली. बक्षिसाची मुदत टळली होती. मग लक्ष इजिप्तकडे वळले. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ 1830 साली सुएझला जाऊन आली. हुगळीवर पूर्वी पायलटचे काम केलेला टॉमस वॅगहॉर्न याने अलेक्झांड्रिया ते सुएझ ही वाळवंटातली वाट उंटांवरून टपाल नेण्यासाठी बांधून काढण्याचा ध्यास घेतला. 1842 साली ‘हिंदुस्थान’ ही आगबोट कलकत्ता ते सुएझ या मार्गासाठी आली आणि महिन्यांचा हिशेब आठवड्यांवर आला.

1851 साली कलकत्ता ते डायमंड हार्बर तारेची ओळ सुरू झाल्याने येणाऱ्या जहाजाची वर्दी आधीच मिळू लागली. 1854 साली अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. त्याची छपाई कलकत्त्यातच झाली. 1868 साली जुन्या फोर्ट विल्यमच्या जागी घुमटाची भव्य टपालकचेरी पुरी झाली. पुढच्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला आणि 1870 साली मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. आता विलायतेचे टपाल मुंबईस उतरून आगगाडीने कलकत्त्यास जाऊ लागले. पत्राच्या दोनतीन प्रती करण्याचे कारण उरले नाही.

परंतु याच हुगळीवरून आणखी एक प्रवाह बाहेर वाहत होता. 1834 साली ‘अ‍ॅटलास’ जहाजाने मॉरिशसला मजूर नेले. 1873 साली ‘लल्ला रुख’ सुरिनामकडे निघाले. बिहार आणि संयुक्त प्रांतातली ही गिरमिटिया माणसेही परमुलुखी राहावयास चालली होती. मात्र बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. नोंदवहीत नाव एक, गावात दुसरे. गावाचे नाव लिहिणाऱ्याच्या कानाला जसे लागले तसे. अशा पत्त्यावर आगबोट वेळेवर येऊनही काय उपयोग? कलकत्त्याचा साहेब पत्राची वाट पाही, कारण पत्र लिहिणारे आणि ते पोहोचविणारे दोघेही त्याच्यापाशी होते. मळ्यावरचा मजूर वाट पाही, तेव्हा त्याला दुसऱ्याची लेखणी आणि दुसऱ्याची मेहेरबानी लागे.

म्हणूनच टपालाचा इतिहास केवळ वेगाचा इतिहास नाही. पत्र पोहोचण्यासाठी जहाज हवे, वाट हवी, हरकारा हवा. पण त्याआधी माणसाच्या नावाची आणि गावाची नोंद खरी हवी. खिदिरपूरच्या घाटावर 2011 साली त्या मजुरांचे स्मारक उभे राहिले. साहेबांची पत्रे संग्रहांत जपली गेली आहेत. या माणसांच्या घरी मात्र कित्येकदा एकही पत्र पोहोचले नाही. हुगळीच्या टपालाचा हिशेब मांडताना ही न आलेली पत्रेही मोजावी लागतात.