गावातला वायफायवाला कंपन्यांपुढे टिकतो कसा? वायरलेस इंटरनेटचं गणित समजून घ्या

उंच घराच्या गच्चीवर लोखंडी पाइप, त्यावर पांढरे डबे आणि लांबच्या वस्त्यांवर ताटाएवढ्या डिश. ग्रामीण भागात अनेक ठिकाणी इंटरनेट असंच येतं. ही सेवा देणाऱ्याला लोक ‘वायफायवाला’ म्हणतात. कागदावर तो परवानाधारक इंटरनेट पुरवठादार असतो, नाहीतर अशा परवानाधारकाचा फ्रँचायझी. परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाचा असतो. त्याचे अ, ब, क असे वर्ग चालत आलेत; अ देशभरासाठी, क जिल्ह्याएवढ्या लहान भागासाठी.

लहान माणसाला हा धंदा जमतो याचं मुख्य कारण म्हणजे लहरी विकत घ्याव्या लागत नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या बऱ्याच लहरी परवानामुक्त केल्या. मात्र फुकटची वाट सगळ्यांचीच. गावात दुसऱ्याने त्याच चॅनेलवर डबा लावला की दोघांचीही गाडी अडते.

डबा आणि डिश एकमेकांना दिसले पाहिजेत, हा पहिला नियम. नुसती सरळ रेष मोकळी असून भागत नाही. ५ किलोमीटर अंतर असेल तर मधोमध त्या रेषेच्या चारी बाजूंनी लहरींचा पट्टा साधारण ८ मीटरचा असतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त मोकळा लागतो. म्हणून उन्हाळ्यात जोडलेली डिश श्रावणात रडते. पाऊस या लहरींना फारसा अडवत नाही, अडवतो तो चिंचेचा, लिंबाचा ओला पाला. वीज कडाडली की डबे जळतात, त्यामुळे चांगलं अर्थिंग हवंच. लोडशेडिंगसाठी प्रत्येक टॉवरखाली बॅटरी. खर्च इथेच जातो.

आता स्पीडचं गणित. समजा, वायफायवाल्याने मोठ्या कंपनीकडून १ जीबीपीएसची लाइन घेतली आणि ५० एमबीपीएसचे ३०० ग्राहक जोडले. सगळ्यांना एकदम पूर्ण स्पीड द्यायचा तर १५ जीबीपीएस लागेल. सगळे एकदम वापरत नाहीत म्हणून चालतं, पण रात्री ८ ते १० ला खरी परीक्षा. लाइन न वाढवता ग्राहक वाढवत नेणारे इथेच नाव घालवतात.

मोठ्या कंपन्याही आता डिशसारखाच डबा घेऊन आल्यात. ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने ५जीवर चालणारं एअरफायबर सुरू केलं. त्यांच्याकडे स्वतःच्या लहरी, सोबत टीव्हीचे चॅनेल. लहान पुरवठादाराला तर अनेकदा स्पर्धक कंपनीचीच लाइन घ्यावी लागते. दरात त्याने शर्यत लावली तर तो बुडणारच.

तो टिकतो ते दुरुस्तीवर. सकाळी फोन केला की दुपारी शिडी घेऊन माणूस दारात, आणि बिल दुधाच्या पगारापर्यंत थांबतं. बारा घरांच्या वस्तीसाठी कंपनी टॉवर उभारत नाही, तो एक डबा लावून भागवतो. तो बंद पडला तर अशा वस्तीला दुसरी सोयच उरत नाही; ऑनलाइन फॉर्म भरायलाही फाट्यावर जावं लागतं. पण फोन बंद ठेवणारे, पावती न देणारे वायफायवालेही आहेत. त्यांचे ग्राहक गेले तर दोष कंपनीचा नाही.

सरकारी मदतीचे दोन मार्ग आहेत. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणण्याची योजना आहे. जिथे ती चालू आहे तिथे लहान पुरवठादार तिचा वापर करू शकतो. दुसरा पीएम-वाणी. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय चालवू शकतो. त्याला २०० एमबीपीएसपर्यंतचं कनेक्शन घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येत नाही, असा आदेश ट्रायने जून २०२५ मध्ये काढला.

कनेक्शन घेताना परवाना कोणाच्या नावावर आहे ते विचारा आणि १८ टक्के जीएसटी दाखवणारी पावती घ्या. डिश आणि राउटर कोणाच्या मालकीचे, तेही लिहून घ्या. सवलतीसाठी वर्षाचे पैसे एकदम भरू नका. धंदा बंद पडला तर ते परत मिळणं अवघड. तक्रार आधी पुरवठादाराकडे करा, दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि जुनी डिश काढून एअरफायबर घ्यायचं असेल, तर आधी त्याच कंपनीचं ५जी सिम मोबाइलमध्ये टाकून रात्री नऊला आपल्याच गच्चीवर स्पीड तपासा.