साठ की एकसष्ट?

सोमवार, 3 ऑक्टोबर 2011. मानसरोवर स्टेशनला उतरून तुम्ही कामोठे गावाकडे झपाझप निघालात. सिडकोच्या सेक्टरांतून बिल्डिंगांचे सांगाडे, त्यांना बांबूच्या परांच्या आणि खाली मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. तुमच्या वर्गातली निम्मी पोरं तिथूनच येतात. नवरात्र चालू आहे, दसरा गुरुवारी.

शाळेच्या दाराशी जीप उभी. आजपासून तीन दिवस राज्यभर पटपडताळणी: हजेरीतली पोरं खरंच शाळेत आहेत का, ते मोजायचं. व्हरांड्यात पोरांची रांग लागते, एकेक जण बोट पुढे करतो आणि मतदानाला लावतात तशी शाई लागते. पहिलीतली एक चिमुरडी बोट चाटून बघते.

“बाई, हजेरीत एकसष्ट आहेत. बोटं साठच भरली.”

“एक पोरगा आईबरोबर तुळजापूरला गेलाय, भाऊसाहेब. नवरात्र आहे ना.”

“खरं असेल हो. पण मी नसलेल्याचं बोट कुठून आणू?”

त्यांचंही बरोबरच. राज्यभरात त्या तीन दिवसांत सुमारे 20 लाख विद्यार्थी जागेवर सापडले नाहीत. कागदावरच्या पोरांच्या नावाने कुणी अनुदान खाल्लं, कुणी तांदूळ. चोर धरायलाच हवे होते. पण ही झडती तुळजापूर आणि बनावट पट एकाच रकान्यात लिहिते, आणि त्यानंतर 2 मे 2012 ला आदेश निघतो: पट घटल्याने अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांची सोय लागेपर्यंत नवी भरती बंद.

आता तीन वर्षं पुढे चला. ऑक्टोबर 2014. शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब तुम्हाला तोंडपाठ झालाय. पहिली ते पाचवीला 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तीन. शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या संचमान्यतेला पट धरतात 30 सप्टेंबरचा. तुमचा भरला साठ. तिघांत सेवेने कनिष्ठ तुम्ही, म्हणून ‘अतिरिक्त’ तुम्ही. काल चाळीस वह्या तपासणारा माणूस आज जास्तीचा कसा होतो, हे स्टाफरूममध्ये कुणीच विचारत नाही. सगळे चहात बघत बसतात.

नोकरी जात नाही, शाळा जाते. अलिबागला समायोजनाला, म्हणजे नवी शाळा निवडायला बसलात तेव्हा भिंतीवरच्या पडद्यावर रिकाम्या जागा असलेल्या गावांची नावं होती. तुमची पाळी येईपर्यंत जवळची सगळी संपली. पोलादपूरकडची एक वाडी उरली. राजीनाम्याचा विचार आला, पण मागोमाग घराचा हप्ताही आठवला. सही केलीत.

आज कार्यमुक्तीचा आदेश हातात आहे. चार्ज द्यायचा: कपाटाच्या किल्ल्या, दाखल्यांचं रजिस्टर, नकाशे, पोषण आहाराची वही. तेवढ्यात खिचडीवाल्या मावशी दारातून विचारतात,

“बाई, आज किती?”

पोरामागे 100 ग्रॅम तांदूळ. तुम्ही सवयीने वर्ग मोजून येता. परवाच एका मुकादमाने भावाची पोरगी आणून पहिलीत बसवलीय. फ्रॉक नवा, नाव अजून सगळ्यांना पाठ नाही.

“एकसष्ट, मावशी.”

मावशी सहा किलो तोलतात, थांबतात, आणि पुन्हा पोत्यात हात घालतात.