जप्तीत काय नेता येत नाही

जप्ती हा शब्द नुसता कानावर पडला तरी घरातल्या बाईचा हात आधी गळ्याकडे जातो, मग नजर भांड्यांकडे. कर्ज फिटलं नाही म्हणून घरातलं सगळंच उचलून नेता येतं का? नाही येत. हे ‘नाही’ सहज मिळालेलं नाही, आणि त्यामागची बरीचशी गोष्ट आपल्याच मुलखातली आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात करडे गाव आहे. 1874 साल संपत आलं होतं. तिथल्या एका देशमुखाचं घर कर्जापायी गेलं. सावकाराने ते स्वतःच घेतलं आणि पाडलं. मला राहून राहून वाटतं, त्या घरातल्या बायकांनी त्या रात्री चूल कुठे मांडली असेल? गाव चिडलं. सावकाराचं शेत कोणी कसेना, पाणी कोणी भरेना, न्हावी दाढी करेना. हे लोण गावोगाव गेलं. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि मग पुणे, नगर भागात पसरला. लोकांना मुख्यतः हवे होते कागद, म्हणजे कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते हाती आले की होळी करायची. सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुतेक वेळा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही.

कागदावरच राग का? शेतकरी बहुधा कोर्टात जातच नसे. त्याच्या पाठीमागे एकतर्फी हुकूमनामा व्हायचा, आणि त्या कागदाच्या जोरावर जमीन, घर, वर तुरुंगसुद्धा.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. आधी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणं बंद झालं. नेमकी गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करता येईना. कोर्टाने कर्जाचा हिशेब अगदी मुळापासून तपासायचा, असंही ठरलं.

सावकारही काही कच्चा नव्हता. नुसत्या रोख्यावर जमीन मिळत नाही म्हटल्यावर तो गहाणखत मागू लागला, नाहीतर सरळ खरेदीखतच करून घेऊ लागला. तोंडाने म्हणायचं ‘गहाण आहे हो’, कागदावर मात्र विक्री. शेवटी असं खरेदीखत खरोखर विक्रीचं की गहाणाचं, हे पाहण्याची मुभा कोर्टाला कायद्यातच द्यावी लागली.

आज जप्तीचा नियम 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, कलम 60 मध्ये आहे. कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण नेता येत नाही. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावेगळे करायचे नसतात ते दागिने नेता येत नाहीत. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्याला लागतील तेवढी गुरं आणि बियाणं हेही सुटतं. शेतकरी, मजूर किंवा घरकामगार स्वतःच्या घरात राहत असेल तर ते घरही सुटतं. करड्याच्या घराला हे मिळालं नव्हतं. कोणी 1920 च्या कायद्याखाली नादार ठरला, म्हणजे कोर्टानेच त्याचं दिवाळं मान्य केलं, तरी या यादीतल्या वस्तू त्याच्याकडेच राहतात. आणि कलम 56 बायांनी पाठच करावं: पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही.

‘मी ही सवलत सोडते’ असं कोणी आधीच लिहून घेतलं तर? 1976 च्या दुरुस्तीने तसा करार रद्दबातल ठरतो. गहाणाचं मात्र वेगळं. घर स्वतः सही करून गहाण टाकलं, किंवा मंगळसूत्र सोनेतारणात ठेवलं, तर त्या कर्जापुरती ही यादी आडवी येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी सावकार गहाणखत का मागू लागला, ते इथे कळतं. नवऱ्याच्या कर्जावर जामीन म्हणून सही करतानाही थांबून विचारा, कारण सही नसेल तर तुमचं स्त्रीधन त्याच्या कर्जात ओढता येत नाही.

हप्ता मागायला दारात आलेला कंपनीचा माणूस म्हणजे बेलीफ नव्हे. कोर्टाचा किंवा कायद्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम नसेल तर त्याला ताटलीसुद्धा उचलता येत नाही. हुकूम घेऊन कोणी आलं तर भांडू नका. हुकूम वाचून घ्या, काय काय नेतात त्याची यादी मागा, आणि सुटीची वस्तू नेली असेल तर लगेच कोर्टात हरकतीचा अर्ज द्या. अर्ज लिहायला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.