कन्सोल (लिनक्स) : वर्णसंकेतन आणि स्क्रीन रीडर

लिनक्सच्या संगणकावर खिडक्या नि माउसचा पसारा सुरू होण्याआधी दिसणारा निव्वळ अक्षरांचा पडदा. ओळी आणि रकाने एवढाच त्याचा संसार असल्याने अंध वापरकर्त्यांना तो सोयीचा वाटतो. तो ब्रेल डिस्प्लेवर उमटवणारे ‘बीआरएलटीटीवाय’ १९९५ पासून आहे. तोच बोलून दाखवणारे ‘स्पीकअप’ लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या ‘स्टेजिंग’ (कच्च्या कोडच्या) विभागात बरीच वर्षे ताटकळून २०२० मध्ये मुख्य भागात आले.

ब्रेलसाठी पडद्यावरचा मजकूर ‘व्हीसीएसए’ या फाइलमधून मिळे. तिच्यात आरंभी ४ बाइट (ओळी, रकाने, कर्सरची जागा) आणि पुढे पडद्यावरच्या प्रत्येक घराचे (एका अक्षराच्या जागेचे) २ : एक अक्षराचा, एक रंगाचा. मेख इथेच आहे. ‘अक्षराचा’ म्हणवणारा हा बाइट वर्ण सांगतच नाही. तो फॉन्टमधल्या आकृतीचा क्रमांक असतो. आकृत्या २५६, फार तर ५१२. तेवढ्या हव्या असतील तर रंगाच्या बाइटमधून एक बिट उसना घ्यायचा, म्हणजे अक्षरांचे रंग १६ वरून ८ वर. लॅटिन ‘ए’, ग्रीक ‘आल्फा’ आणि सिरिलिक ‘आ’ ही मोठी अक्षरे एकाच आकृतीवर भागवली जात. डोळ्यांना त्याने काही बिघडत नाही. वाचून दाखवणाऱ्याला मात्र मूळ अक्षर कोणते, हे कळायला मार्ग उरत नाही.

मराठीची अडचण याहून मोठी. नेहमीच्या कन्सोल फॉन्टमध्ये देवनागरी नसते आणि कर्नल जोडाक्षरे जुळवत नाही. ‘मराठी’ या शब्दाचे युनिकोडमध्ये ५ संकेत, यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट. पडद्यावर मात्र अक्षरांऐवजी एकसारख्या ५ पर्यायी खुणा.

२०१८ मध्ये कर्नल ४.१९ सोबत निकोलस पित्र यांची ‘व्हीसीएसयू’ ही फाइल आली. हिच्यात प्रत्येक घराला ४ बाइट आणि थेट युनिकोड क्रमांक. कोणी ती वाचेपर्यंत कर्नल या क्रमांकांची वेगळी नक्कल ठेवतही नाही, त्यामुळे जिथे गरज नाही तिथे मेमरी खर्ची पडत नाही. ‘बीआरएलटीटीवाय’मध्ये मराठीचा ब्रेल तक्ता निवडला असेल तर मोठी गंमत होते : डोळस माणूस निरर्थक खुणांकडे पाहत बसतो आणि ब्रेलच्या पट्टीवर बोटांखाली ‘मराठी’ नीट उमटते.

स्पीकअपचे गाडे अर्धेच पुढे सरकले. २०१७ पासून त्याला युनिकोड कळते आणि पडद्यावर नव्याने येणारा शब्द त्याला मूळ संकेतांसह मिळतो. पण मागे जाऊन तीच ओळ पुन्हा ऐकायची म्हटली, की ते आकृतीच्या क्रमांकावरून उलटे अक्षर शोधू लागते; क्षणापूर्वी नीट ऐकू आलेल्या शब्दाच्या जागी हाती येते ती पर्यायी खूण.