हत्तीच्या सोंडेतील कॅमेरा

परसवाडा हे बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. त्याच्या पूर्वेस कान्हाचे अरण्य आहे, तर पश्चिमेस शिवनी व छिंदवाडा या जिल्ह्यांत पेंचचे. या दोहोंना जोडणारा वनपट्टा बालाघाट आणि शिवनी जिल्ह्यांतून जातो. येथील जंगलात हत्तीवर बसून वाघाचा माग काढण्याची रीत जुनी आहे. एके काळी ती बंदुकीच्या सोयीसाठी होती. पुढे तीच कॅमेऱ्याच्या उपयोगी पडली.

हा पालट एका दिवसात घडला नाही. ब्रिटिश अमदानीत वाघ म्हणजे मुख्यतः शिकारीचे सावज, अशीच समजूत होती. १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले. १९६३ पासून जॉर्ज शॅलर या संशोधकाने तेथे राहून वाघ आणि हरणे यांचा अभ्यास केला. त्याचा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ अरण्यांत कान्हाची गणना झाली. पेंचला हा मान १९९२ साली मिळाला. बंदूक गेली, पण हत्ती आणि माहूत जंगलात राहिले. गस्त घालणे आणि वाघाचा ठाव घेणे, हे त्यांचे काम झाले.

याच पेंचमध्ये ब्रिस्टल येथील जॉन डाउनर यांची निर्मितीसंस्था आली. ही संस्था स्वतंत्र आहे. म्हणजे चित्रपट ती तयार करते आणि दूरचित्रवाणी वाहिनी तो दाखविते. २००० साली सिंहांच्या चित्रणासाठी तिने कृत्रिम दगडात कॅमेरा दडविला होता. परंतु वाघ एकलकोंडा. तो दाट झाडीत वावरतो. दगड एका जागी राहील आणि मोटार रस्ता सोडणार नाही, तेव्हा उपाय सापडला तो हत्तीत. पाळीव हत्ती जवळ आला तरी वाघ सहसा बुजत नाही. म्हणून हत्तीच्या सोंडेत आणि सुळ्यावर कॅमेरे देण्यात आले. ओंडक्याच्या रूपातील कॅमेरा हत्तीनेच सोंडेने उचलून योग्य जागी ठेवावा, अशीही योजना झाली. यंत्र परदेशी होते. हत्तीला वळविणारा हात आणि वाघाची खूण ओळखणारी नजर मात्र येथल्या माहुताची होती.

एका वाघिणीची चार पिले अशा रीतीने वाढताना टिपली गेली. तीन भागांची ही मालिका २००८ साली बीबीसीने डेव्हिड ॲटनबरो यांच्या निवेदनासह दाखविली. त्या पिलांतील एक मादी पुढे गळ्यातील पट्ट्यामुळे ‘कॉलरवाली’ म्हणून ओळखली गेली. आठ वेतांत तिने २९ पिलांना जन्म दिला. जानेवारी २०२२ मध्ये, सोळा वर्षांची होऊन, ती मरण पावली. तेव्हा तिच्या दहनास आसपासचे ग्रामस्थ जमले होते आणि अग्नी देण्याचा मान एका आदिवासी स्त्रीला मिळाला.

एका वाघिणीचे बालपण असे जगापुढे आले. पण वयात आलेल्या वाघाला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो आणि एका अरण्यातून दुसऱ्यात जाण्यास झाडीची वाट लागते. ती वाट परसवाड्यासारख्या गावांच्या शेजारून जाते. कॅमेऱ्याने पिलांचे वाढणे दाखविले. त्यांच्या वंशाला पुढे जाता येईल की नाही, हे या वनपट्ट्याच्या राखणीवर अवलंबून आहे.