दुसऱ्या गावातली प्रत

भद्रावतीला रेल्वेनं यायचं तर तिकीट भांदकचं काढावं लागतं. गावाचं नाव बदललं, स्टेशनचं राहिलं जुनंच. माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, म्हणजे माझं पोट प्रतींवर चालतं. तरी स्वतःच्या वेबसाइटची धड प्रत मी ठेवली नव्हती.

साइट गावातल्या जुन्या ठिकाणांची होती: विजासनची लेणी, नागमंदिर, जैन मंदिर, डोलारा तलावातला दोन ओळींच्या दगडी खांबांवरचा पूल. चारेकशे फोटो आणि खाली माझ्या मगदुराप्रमाणे चार ओळी. २०११ ला सुरू केली, सात वर्षं चालली. मग होस्टिंगवाल्यानं गाशा गुंडाळला. त्याची पत्रं गेली ती मी उघडणं सोडलेल्या ई-मेलवर. बॅकअप होता की! रोज रात्री आपोआप निघायचा आणि त्याच खात्यात, त्याच सर्व्हरवर जाऊन बसायचा. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच.

असं शहाण्यांचंही होतं, हे पुढं कळलं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला एक मोठं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते ते हात चोळत बसले.

आगीवरून कुरुदचा ताम्रपट आठवतो. कुरुद गडचिरोलीच्या पूर्वेला, छत्तीसगडात. पाचव्या शतकाच्या अखेरीस तिथं शरभपुरीय घराण्यातल्या नरेंद्र राजाचं राज्य होतं. एका ब्राह्मणाला केशवक नावाचं गाव आधी दान मिळालेलं, पण दानपत्र होतं ताडपत्रावर. ते आगीत जळालं. गावाचा उपभोग मात्र अखंड चालू होता, म्हणून नरेंद्रानं आपल्या चोविसाव्या वर्षी त्याच्या मुलाला तेच दान तांब्यावर कोरून दिलं, आणि ताडपत्र जळाल्याची हकिकतही त्यातच लिहिली. आमच्याकडं हरवलेल्या टीसीची दुय्यम प्रत टाईप करायला पोरं येतात, तसंच हे. ‘मूळ प्रत गहाळ झाल्याने’ ही ओळ दीड हजार वर्षांपूर्वीही लागत होती.

दानपत्र कापडावर किंवा तांब्यावर लिहावं, त्यावर मुद्रा उठवावी, म्हणजे पुढच्या राजांना कळेल, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. आमच्या भांदकलाही ताम्रपट सापडला. शके ६९४ म्हणजे इ. स. ७७२ चा, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचा. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर सांगतात तोच हा. तांब्याला वाळवी लागत नाही, पाणी लागलं तरी अक्षर उरतं. पण तांबंही एकच असेल आणि एकाच घरात असेल, तर भांडी घडवणाऱ्याच्या भट्टीत जायला कितीसा वेळ?

विदर्भातच, रिद्धपूरला, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. पुढं स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ज्यांना लीळा तोंडपाठ होत्या त्यांच्याकडून त्या पुन्हा लिहून घेतल्या गेल्या. हिराइसा नावाच्या बाईंचं पाठांतर त्यातच कामी आलं. एकाच ग्रंथाचे अनेक पाठ झाले, ते असे. अभ्यासकांना हे पाठभेद डोकेदुखी वाटत असतील, मला तर ती त्या माणसांची पुण्याई वाटते. पुढं महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीत घातल्या. म्हणजे प्रत आहे, पण पासवर्ड पंथाबाहेर कुणाला ठाऊक नाही. विसाव्या शतकात इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तोवर बाहेरच्यांना ती पानं मुकीच होती.

माझं पुढं असं झालं. इंटरनेट अर्काइव्ह नावाची संस्था १९९६ पासून जगभरच्या साइटींची पानं साठवते. तिथं माझी काही पानं मिळाली. मजकूर होता, फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. मग वरोऱ्याचा मामेभाऊ म्हणाला, “दादा, तुमची एक सीडी आमच्या आलमारीत पडून हाय ना!” त्यानं कधीतरी हौसेनं मागून नेलेली. सगळे फोटो निघाले. पण नावं? कॅमेऱ्यानं दिलेले आकडे. एका फोटोत नुसता एक खांब. तो विजासनच्या दारातला की डोलाऱ्याच्या पुलाचा? माझाच फोटो, मलाच ओळखू येईना.

असंच एका दगडाचंही झालं. नागपूरच्या संग्रहालयात एक शिलालेख आहे, भवदेव रणकेसरी राजाचा. सूर्यघोष नावाच्या राजाचा मुलगा वाड्याच्या गच्चीवरून पडून गेला, त्या दुःखात त्यानं बुद्धाचं मंदिर बांधलं. पुढं ते पडायला आलं तेव्हा भवदेवानं दुरुस्त केलं, असा त्यातला मजकूर. हा शिलालेख भांदकचा म्हणून ओळखला जायचा. इथं बौद्ध लेणी आहेत, तेव्हा शंका कोण घेणार? वा. वि. मिराशींनी जुन्या नोंदी तपासून तो रायपूरकडच्या आरंगचा असल्याचं दाखवलं. दगड शाबूत, अक्षरं शाबूत, जिवंत राहिला तो नागपूरला नेला म्हणूनच. फक्त कुठून आणला हे कुणी त्याच्यासोबत ठेवलं नाही. आमच्या गावाचा एक राजा त्यापायी गेला, याचं थोडं वाईट वाटतंच.

आता माझी हार्डडिस्क वरोऱ्याला असते. भाऊबीजेला बहिणीकडं जाताना वाटेत मामेभावाकडं उतरतो, नवी भरलेली देतो, जुनी घेतो. घेण्याआधी त्याच्याच कंप्युटरवर दहा-बारा फोटो उघडून बघतो, वहिनीचा चहा निवतो. प्रत्येक फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल आहे: ठिकाण, तारीख, कुठल्या बाजूनं काढला. पहिली ओळ सगळीकडं तीच. भद्रावती, जुने नाव भांदक.